रंगाआधी दिवे

पुणे, रविवार रात्र

ति. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सकाळी सांगलीहून निघताना गडबड झाली आणि बोलायचं ते राहून गेलं. फोनवर असलं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

काल संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. सोप्यातली ट्यूब चालू होती, तरी परात घेऊन ती उंबऱ्याशी सरकली आणि दाराकडे परात कलती करून खडे शोधत बसली. बाबा, तुमचंही तेच. ट्यूब तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर, त्यामुळे पेपरावर तुमच्याच डोक्याची सावली. मला वाटलं होतं चष्म्याचा नंबर वाढला असणार, पण डॉक्टरांनी तपासलं तर नंबर तोच. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. तुम्ही तर सत्तरी ओलांडलीत. घरातले दिवे मात्र मी शाळेत असतानाचेच.

सोप्याला रंग द्यायला तुम्ही पैसे बाजूला काढलेत. माझं ऐका, त्यातून आधी दिवे आणि वायरिंग करू. भिंती इतक्या वाईट नाहीत, त्यांच्यावर पडणारा उजेड वाईट आहे. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, उजेड किती पिवळा की निळसर ते सांगणारा; आकडा लहान तितका उजेड पिवळा. आपली ट्यूब 6500 ची, निळसर पांढरी. तिच्याखाली सागवानी तुळया राखेसारख्या दिसतात. माजघरात मी 3000 चा एलईडी बल्ब लावून बघितला तेव्हा आई, तू वर बघून विचारलंस, "लाकडाला पॉलिश केलंस का गं?" नुसता नऊ वॅटचा बल्ब होता तो, जुन्या साठच्या बल्बाएवढा उजेड देणारा. लाकडाची तांबूस झाक तिथेच होती, आपल्याला दिसत नव्हती एवढंच.

म्हणून एकाच मोठ्या दिव्यावर सगळी खोली ढकलायची नाही. बाबांच्या खुर्चीशेजारी, खांद्याच्या थोडा वर, मान वळवता येणारा दिवा हवा. आईला निवडायला-टिपायला खिडकीच्या बाजूला 4000 चा, कारण पिवळ्या उजेडात तांदळातला खडा पटकन दिसत नाही. ओट्यावरच्या फळीखाली एक पट्टी, म्हणजे विळीवर सावली पडणार नाही. सोप्यातून माजघरात उतरताना जी पायरी आहे तिथे पावलाजवळ मंद पिवळा दिवा, माणूस आला की आपोआप लागणारा. रात्री परसात जाताना आई भिंत चाचपत जाते ते मी पाहिलंय. पाहून मला झोप आली नव्हती.

वायरमन तुळयांखाली पीओपीचं (प्लास्टरचं) छत करा म्हणाला. ते नको. तुळया झाकल्या जातील, आणि आत ओल धरली, वाळवी लागली तर कळणारसुद्धा नाही.

त्यापेक्षा माळ्यावरची आजोबांची निळ्या काचेची, दिव्याची टांगती हंडी काढू. जुन्या धोतरात गुंडाळलेली आहे, काठाला केसाएवढी चीर आहे, बाकी धड आहे. मधल्या तुळईचा हूकही अजून आहे. वजन धरेल का ते तपासून घेऊ आणि आत चार वॅटचा फिलामेंट एलईडी लावू. तो जुन्या बल्बासारखा तापत नाही, त्यामुळे काचेला त्रास नाही.

आता वायरिंग. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आपल्या सोप्यात कमरेच्या वर होतं. खालचे बोर्ड वाळवून आपण तेच परत वापरले. लाकडी पट्टीतल्या वायरीचं रबर बोट लावलं तरी गळून पडतं. बाबा, किटकॅट फ्यूजला हाताला येईल ती तार गुंडाळायचे दिवस गेले. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, वायर सांभाळते. माणसाला सांभाळायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच तोडणारा स्विच हवा, आणि अर्थिंग तपासून घ्यायला हवं. भिंतीवरच्या पुराच्या खुणेच्या वर वीतभर तरी सगळे बोर्ड घ्यायचे. खालचा मजला आणि माडी यांच्या लाइनी वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे पाणी वाढायला लागलं की खालचं बंद करून माडीवर दिवे चालू ठेवता येतील. सांगलीच्या गावभागात, पुराच्या पाण्यात येणाऱ्या वस्तीत राहायचं तर हे आधी.

पैशांचं मनावर घेऊ नका, निम्मे मी देते. शनिवारी सकाळी येते, वायरमनला दहाची वेळ दिली आहे. तोवर बाबा, हंडी काढायला माळ्यावर चढू नका, ती मीच उतरवीन. तुम्ही फक्त पेपर वाचताना खुर्ची नेमकी कुठे असते तिथे खडूने खूण करून ठेवा. आई, तू परात घेऊन कुठे बसतेस तिथेही.

तुमची,
लेक