स्नेहसंमेलनाचे वेळापत्रक एसटीच्या वेळा पाहून ठरवा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

जानेवारी लागला की नागपुरातील महाविद्यालयांत स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो आणि आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत त्यांची छायाचित्रे रोज झळकू लागतात. महिला महाविद्यालयांत तर हा सप्ताह ३ जानेवारीला, म्हणजे सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, आरंभण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. कुठे कुठे तो जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांच्या १२ जानेवारीच्या जयंतीपर्यंतही लांबतो. रांगोळी, मेहंदी, वक्तृत्व, वादविवाद, प्रश्नमंजुषा, भित्तिपत्रके, खो-खो, रस्सीखेच, आनंद मेळावा, ट्रॅडिशनल डे, समूहनृत्य, एकांकिका आणि शेवटच्या संध्याकाळी बक्षीस समारंभ, असा हा भरगच्च आठवडा असतो. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झाले असून सांस्कृतिक समितीचे काम मी अनेक वर्षे पाहिले आहे, आणि आताही परीक्षक म्हणून अधूनमधून बोलावणे येते. त्या आधारावर मला एकच गोष्ट मांडायची आहे. या सप्ताहाच्या वेळा ठरवताना बाहेरगावाहून अपडाऊन करणाऱ्या मुलींची गाडी किती वाजता सुटते, हे सर्वांत आधी पाहिले पाहिजे. सध्या ते बहुतेक ठिकाणी पाहिलेच जात नाही.

काटोल, सावनेर, उमरेड, कुही, मौदा, पारशिवनी या भागांतून रोज सकाळी एसटीने येणाऱ्या आणि दुपारनंतर गणेशपेठच्या बसस्थानकाकडे किंवा मोरभवनकडे धावणाऱ्या मुली आपल्या शहरातील महिला महाविद्यालयांत मोठ्या संख्येने शिकतात. यांचा खर्चाचा भार गेल्या काही वर्षांत पुष्कळ हलका झाला आहे. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर एसटी ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्वच महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पैशांची अडचण अशी कमी झाली तरी वेळेची अडचण होती तेथेच आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तालुक्याच्या गावी उतरून पुढे आपल्या खेड्यापर्यंत ऑटोने किंवा पायी जायचे असेल, तर साडेचारची गाडी गाठणे आणि सहाची गाठणे यांत किती अंतर आहे, ते त्या मुलीलाच आणि तिच्या घरच्यांनाच ठाऊक असते.

अलीकडे एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षण करण्यास मी गेले होते. स्पर्धेची वेळ दुपारी दोनची होती. प्रमुख पाहुणे उशिरा आले, दीपप्रज्वलन आणि स्वागत यांत आणखी वेळ गेला आणि पहिली स्पर्धक उभी राहिली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. तेवढ्यात कुही तालुक्यातली एक मुलगी टेबलाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, ‘मॅडम, माझा नंबर आधी घेता का? साडेचारची गाडी हुकली तं मंग घरी जाऊस्तोवर अंधारच होते.’ आयोजक प्राध्यापिका समजूतदार होत्या, त्यांनी तिला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. ती गोसीखुर्द धरण प्रकल्पात गेलेल्या आपल्या आजीच्या गावाविषयी बोलली. गाव उठले तेव्हा घराची कवेलू कशी उतरवली, देवळातली मूर्ती कोणी उचलली, नव्या पुनर्वसनात आंब्याचे झाड नव्हते म्हणून आजी किती दिवस ओसरीत बसलीच नाही, हे तिने हातात एकही कागद न घेता सांगितले. पाठ केलेल्या सुविचारांनी भरलेली भाषणे आम्हा परीक्षकांना सवयीची असतात. हे भाषण ऐकताना सभागृहातली कुजबुज थांबली. बोलून होताच तिने दप्तर उचलले आणि ती निघून गेली. पहिले बक्षीस तिला मिळाले, पण ते जाहीर झाले शेवटच्या दिवशी रात्री आठच्या सुमारास. दोनदा नाव पुकारले गेले आणि अखेर वर्गातल्या एका मैत्रिणीने जाऊन ढाल घेतली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेल्या छायाचित्रात ती नव्हती, हे सांगायलाच नको.

निदान तिला बोलायला तरी मिळाले. ज्यांना सप्ताहात भागच घेता येत नाही, त्यांची गोष्ट याहून मोठी आहे, आणि तिचे मूळ सप्ताहाच्या सात दिवसांत नसून त्याआधीच्या तालमींत आहे. समूहनृत्य, एकांकिका, मूकनाट्य, समूहगान यांच्या तालमी महिनाभर आधी सुरू होतात आणि त्या तासिका संपल्यावर, म्हणजे चारनंतर, होतात. धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर या भागांतल्या, घरची दुचाकी असलेल्या मुली सात-साडेसातपर्यंत सहज थांबू शकतात. त्यामुळे चमूत त्याच असतात, सूत्रसंचालनही त्यांच्याकडेच जाते, समित्यांवर नावेही त्यांचीच लागतात. पुढे विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी आणि तेथून राज्यपातळीवरच्या ‘इंद्रधनुष्य’ या आंतरविद्यापीठ महोत्सवासाठी निवड होते तीही याच चमूंमधून. शहरातल्या या मुली गुणी असतात आणि मेहनतही घेतात, त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु निवड गुणांवर होण्याआधी ती घड्याळावर होऊन गेलेली असते, हे महाविद्यालयांनी लक्षात घ्यायला हवे.

‘खेड्यातल्या मुली बुजऱ्या असतात, त्या पुढेच येत नाहीत,’ असे प्राध्यापकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. हे म्हणणे खरे नाही, याचा पुरावा प्रत्येक महाविद्यालयाच्या हाताशी आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तासांच्या नियमित कामाबरोबर दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर असते. त्या शिबिरात कोणालाच गाडी पकडायची नसते. सकाळच्या प्रभातफेरीपासून रात्रीच्या सांस्कृतिक कार्यक्रमापर्यंत सगळ्या जणी एकाच ठिकाणी असतात, आणि तेथे पथनाट्य उभे करणारी, गावच्या बायाबापड्यांना बोलते करणारी, चुलीवर पन्नास जणींच्या भाकरी थापण्याचे नियोजन करणारी मुलगी बहुतेक वेळा याच अपडाऊनवाल्यांपैकी असते. शिबिरात पुढे असणारी मुलगी स्नेहसंमेलनात प्रेक्षकांतही दिसत नाही, याचा दोष तिच्या स्वभावाला देणे अन्यायाचे आहे.

या मुली नसल्या की सप्ताहाचेही नुकसान होते. एका महाविद्यालयात मराठी विभागाने लोकपरंपरेच्या दिवशी भुलाबाई, म्हणजे मुलींचा गाण्यांचा लोकोत्सव, मांडली होती. भुलाबाई खरे तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतची. जानेवारीत तिचा काळ नव्हे, पण विदर्भ-खानदेशाबाहेर फारशी ठाऊक नसलेली ही परंपरा मुलींना दाखवावी म्हणून ती मांडली गेली आणि कार्यक्रम मुद्दाम सकाळी अकराला ठेवला होता. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात भुलोजी आणि भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, समोर टिपऱ्या घेऊन बसलेल्या मुली. शहरातल्या मुलींच्या हातात गाण्यांची छापील पाने होती. काटोलकडच्या दोघी-तिघींना मात्र ती पाने लागलीच नाहीत. एक गाणे संपते न संपते तोच त्यांचे दुसरे सुरू होई आणि त्यांच्या गावाकडची चाल वेगळी म्हणून थोडा वादही झाला, जो त्या दिवसातला सर्वांत चांगला भाग होता. शेवटी डब्यातली खिरापत ओळखण्याचा खेळ झाला तेव्हा इतिहासाच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिकाही हात वर करून ओरडत होत्या. हाच कार्यक्रम संध्याकाळी सहाला असता तर छापील पानांवरून वाचलेल्या गाण्यांवरच भागवावे लागले असते.

सप्ताह असा गर्दीचा का होतो, याचे एक कारण महाविद्यालयांच्या मूल्यांकनात आहे. हे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला द्यायच्या अहवालात विद्यार्थ्यांच्या सहभागाचे आणि क्रीडा-सांस्कृतिक कार्यक्रमांचे तपशील द्यावे लागतात, जिओटॅग केलेली, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेली, छायाचित्रे जोडावी लागतात. साहजिकच कार्यक्रमांची संख्या वाढवण्याकडे कल जातो. एकाच वेळी पोर्चमध्ये रांगोळी, ग्रंथालयात प्रश्नमंजुषा आणि सभागृहात वक्तृत्व असते. यांतल्या दोहोंत भाग घेऊ इच्छिणाऱ्या मुलीला एक सोडावे लागते, आणि जिला लवकर निघायचे आहे तिला दोन्ही. शिवाय हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने पदवी अभ्यासक्रमांचा जो श्रेयांक (क्रेडिट) आराखडा २०२३ मध्ये ठरवून दिला, त्यात राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक उपक्रम यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. ज्या उपक्रमांचे मोल गुणपत्रिकेत दिसणार आहे, ते उपक्रम चारनंतर ठेवणे म्हणजे काही मुलींना आधीच बाजूला काढणे होय.

यावर संध्याकाळच्या बाजूने जी कारणे दिली जातात ती मी ऐकून आहे. पाहुण्यांना संध्याकाळीच सवड असते, नोकरी करणारे पालक दिवसा येऊ शकत नाहीत, रंगमंचावरचा प्रकाश अंधारातच खुलतो. यांतले पालकांचे कारण मला मान्य आहे आणि त्यासाठी एखादी संध्याकाळ राखून ठेवावी. प्रकाशाचे कारण पडदे असलेल्या सभागृहात टिकत नाही, आणि जे पाहुणे दुपारी येऊ शकत नाहीत त्यांच्याऐवजी येऊ शकतील असे पाहुणे नागपुरात पुष्कळ आहेत. आणखी एक आक्षेप मात्र गंभीर आहे. मुलींना अंधार पडायच्या आत घरी पाठवण्याची भाषा पुन्हा कशाला, असे काही तरुण सहकारी विचारतात. त्यांची भावना योग्य आहे. मुलींनी दिवेलागणीला घरात असावे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. शहर आणि रस्ते त्यांच्यासाठी रात्रीही सुरक्षित असलेच पाहिजेत. पण आपल्या मताने गावची शेवटची गाडी उशिरा सुटत नाही. मेट्रोमुळे शहरात उशिरापर्यंत फिरणे सोपे झाले, ११ डिसेंबर २०२२ पासून पहिल्या टप्प्याचा सारा मार्ग खुला झाला, तरी खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, प्रजापतीनगर आणि लोकमान्यनगर या चार टोकांपुढे या मुलींचा खरा प्रवास सुरू होतो.

उपाय अवघड नाहीत आणि खर्चाचेही नाहीत. स्पर्धा साडेदहा ते तीन या वेळेत व्हाव्यात. त्या आठवड्यात तासिका तशाही फारशा होत नाहीत. कोणी आधी बोलावे याची चिठ्ठी काढताना बाहेरगावच्या मुलींचे क्रमांक पहिले लावावेत, आणि हा नियम सूचनाफलकावर लिहिलेला असावा, म्हणजे कोणा मुलीला परीक्षकांच्या टेबलाशी येऊन विनंती करावी लागणार नाही. तालमींसाठी वेळापत्रकातच आठवड्यातून दोन दिवस शेवटच्या दोन तासिका मोकळ्या ठेवाव्यात. बक्षिसे दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता द्यावीत. ज्या एका संध्याकाळी उशीर होणारच आहे, त्या दिवशी एसटीकडून प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्या वेळेपुरती भाड्याने, गाडी घेता येते. ज्या मार्गावर मुली जास्त आहेत तेवढ्यापुरती ती घेतली तरी पुरे. वसतिगृहाचे फाटक त्या दिवशी तासभर उशिरा बंद करण्याचा निर्णयही आधीच लेखी कळवावा.

हे ठरवण्याची जागाही कायद्याने दिलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते, वार्षिक समारंभ, क्रीडा आणि सांस्कृतिक कार्यक्रमांचे नियोजन हे तिच्या कर्तव्यांपैकी एक आहे, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. या समितीची बैठक जुलै-ऑगस्टमध्ये होईल तेव्हाच पुढच्या सप्ताहाच्या तारखा आणि वेळा ठरवून प्रवेशाच्या माहितीपत्रकासोबत मुलींच्या हाती द्याव्यात. तारीख सहा महिने आधी कळली तर घरी सांगून, मावशीकडे किंवा मैत्रिणीकडे मुक्कामाची सोय करून ठेवायला मुलींना पुरेसा अवधी मिळतो. दहा दिवस आधी लागलेल्या सूचनेने तो मिळत नाही.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. आपले प्रतिनिधी या महिन्यात अनेक स्नेहसंमेलनांना जातील. त्यांनी विजेत्यांची आणि पाहुण्यांची नावे घेताना प्राचार्यांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : तालमी किती वाजता होत्या आणि भाग घेणाऱ्या मुलींपैकी बाहेरगावच्या किती होत्या. ही उत्तरे बातमीत छापली जाऊ लागली, तर पुढच्या वर्षीच्या वेळा ठरवताना समित्या ती नक्की आठवतील.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, नागपूर