धडगावच्या आशाताईंना

ताई, नमस्कार.

तुम्ही गावच्या आरोग्यसेविका, म्हणून 'आशा' एवढंच; तुमचं खरं नाव इथे लिहीत नाही, पाड्याचंही नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला बजावलं होतंत, "घर कुणाचं ते लिहायचं नाही. रक्तात काय निघालं ते तर मुळीच नाही." जानेवारी ते एप्रिल, चार महिने मी तुमच्या मागे सातपुड्याच्या टेकड्या चढले-उतरले. गेल्या महिन्यात माझा एमएचा प्रबंध पुण्यात विद्यापीठात जमा झाला. त्याच्या पहिल्या पानावर एकटीचं माझं नाव आहे, आणि ते मला सारखं टोचतंय. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

वैद्यकीय मानवशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो होतो की डॉक्टरला सापडतो तो रोग, आणि माणूस घरादारासकट भोगतो ते आजारपण. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांचे प्रश्नही शिकलो होतो: या दुखण्याला तुम्ही काय म्हणता? ते कशामुळे आलं असं वाटतं? त्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? माझा विषय सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार. ते प्रश्न तुमच्या पावरी बोलीत करून घेऊन, वहीत नीट उतरवून मी आले. पहिल्या अकरा घरांत मला एकच उत्तर मिळालं, सगळं बरं आहे.

तुम्ही म्हणालात, "प्रश्न चांगले आहेत. पण ज्यांना विचारायचे ती माणसं आहेत कुठे?" खरंच होतं. कर्ती माणसं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी आणि लहान पोरं. होळीला सगळे परततात, भोंगऱ्या बाजार भरतो, ढोल वाजतात, आणि त्याच दिवसांत लग्नाची बोलणी निघतात. तुमचं वर्ष होळीभोवती फिरतं हे मला तेव्हा कळलं. कुणाचे सांधे ऊस तोडताना धरले, कोण थंडीत तापानं पडून राहिलं, कुणाच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या महिनाभर बंद होत्या, हे तुम्ही माणूस घरी आल्यावर दोन दिवसांत काढून घ्यायचात. सिकलसेलच्या माणसाला थंडी, अंगमेहनत आणि कमी पाणी किती महाग पडतं हे मी वाचलं होतं. ऊसतोडीत तिन्ही एकत्र येतात, हे तुम्ही दाखवलंत.

आणि ते घर. एका आईनं मुलीचं रक्त तपासू दिलं नाही. मी वहीत कारण लिहिलं, 'अज्ञान'. ते तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा त्याच घरी नेलंत. मोहाची फुलं वाळत घातली होती, आपण तिघी ती निवडत बसलो. तासभर रक्ताचा विषय नाही. मग त्या मावशी आपणहून म्हणाल्या की भावाचा मुलगा असाच गेला, डोळे पिवळे, हाडं दुखून रात्ररात्र रडायचा. आईबाप दोघांकडून येतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. "आता हिचं बोलणं चाललंय, देज ठरायचंय. कार्डावर काय आलं ते बाजारात कळलं तर?" देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायची रक्कम, आणि कार्ड रक्ततपासणीचं. त्यांना सगळं माहीत होतं, म्हणूनच त्या नको म्हणत होत्या. 'अज्ञान' हा शब्द मी त्या रात्री खोडला. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या खोडलेल्या शब्दापासून सुरू होतं.

तुम्ही त्यावर काय केलंत तेही त्यात आहे. तपासणीचं बोलणं तुम्ही मुलींच्या घरी सुरू करायचं थांबवलंत. आधी मुलांच्या घरी जायचं, बापालाही बसवायचं. दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसला तरी तो मुलांकडे जाऊ शकेल असे, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता मूल सिकलसेलचं होण्याची, हे तुम्ही चार मोहाची फुलं मांडून दाखवायचात. सिकलसेलविरुद्ध देशाची मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. हा आकडा वाचला की मला ती चार फुलं आठवतात.

एक गोष्ट मी तुम्हाला दिली, याचा मला आनंद आहे. उपकेंद्राच्या पायरीवर बसून मी सांगितलं होतं की १९५४ मध्ये संशोधक अँथनी ॲलिसन यांनी दाखवलं, वाहकाला हिवतापाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो, म्हणून हिवतापाच्या मुलखांत हे रक्त पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. तुम्ही विचारलंत, "म्हणजे ही खोट नाही?" पुढच्याच घरी तुम्ही पावरीत सांगितलंत की या जंगलात तापानं माणसं मरत होती तेव्हा तुमचे आजे-पणजे या रक्तानं तगले. आता दोन घरची तशीच रक्तं एकत्र येताना तेवढं बघायचं. तो म्हातारा ताठ होऊन बसला. मी वर्गात हे तीनदा ऐकलं होतं, पण ते कुणाला सांगायचं हे मला ठाऊक नव्हतं.

आशांना काही मोबदला कामागणिक मिळतो. लसीकरणाचा रकाना आहे, बाळंतपणाचा आहे. पुण्याहून आलेल्या मुलीला घरोघर नेण्याचा, तिच्या चुका निस्तरण्याचा रकाना नाही. ते चार महिने तुम्ही तुमच्या वेळातून दिलेत, रात्रीची भाकरीही दिलीत. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

त्या मावशींनी शेवटी काय ठरवलं ते प्रबंधात नाही, इथेही लिहीत नाही.

प्रबंध इंग्रजीत आहे. चौथं प्रकरण मी तुमच्यासाठी मराठीत लिहून काढलंय. भोंगऱ्याच्या आधी घेऊन येते. त्यावरचा लेख अजून छापायचा आहे, तेव्हा जे खटकेल ते खोडून टाका.

तुमची,
पुण्याची पोरगी