सुध्या, ही घे माझी यादी

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर
१७ जुलै २०१८

प्रिय सुध्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला तेव्हा कुठे कळला, मागे ट्रॅक्टर चालू ठेवून बोलायची तुझी सवय काही जात नाही. तर अंडर-१६ च्या चाळीस पोरांतून सोळा निवडायचीत, पोरांचे बाप रोज संध्याकाळी ग्राउंडवर येऊन उभे राहतात, आणि तू मला विचारतोयस की तिकडे बेसबॉलमध्ये पोरांचा नंबर कसा लावतात. बरं झालं विचारलंस, कारण सध्या सीझन निम्मा झालाय आणि इथे जो तो अजून मोठ्या टीममध्ये न पोचलेल्या होतकरू पोरांच्या याद्याच करतोय. घरात मी या विषयावर तोंड उघडलं की बायको उठून भांडी घासायला जाते, त्यामुळे आता तूच ऐक.

आधी हे समजून घे की इथे मुंबई-महाराष्ट्र असा प्रकार नसतो, प्रत्येक मोठ्या टीमच्या खाली तिच्याच छोट्या टीम असतात, रूकी, मग सिंगल-ए, मग डबल-ए, मग ट्रिपल-ए, आणि वर मेजर लीग. म्हणजे एकाच क्लबची कांगा लीगपासून टेस्टपर्यंतची शिडी समज. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर मँचेस्टरला टोरंटोची डबल-ए टीम आहे, फिशर कॅट्स. मेरिमॅक नदीच्या काठावर छोटंसं स्टेडियम, आणि लेफ्ट फिल्डच्या मागे लगेच एक हॉटेल. मे महिन्यात एका पोराने बॉल त्या हॉटेलच्या भिंतीवर हाणला, त्याचा व्हिडिओ तुला पाठवला होता आणि तू नेहमीप्रमाणे बघितला नाहीस.

तो पोरगा व्लादिमिर गरेरो ज्युनियर, माझ्या यादीत एक नंबर, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांच्याच यादीत. वय १९. बॅटिंग अ‍ॅव्हरेज .४०० च्या वर, म्हणजे दहात चार वेळा हिट, जिथे तीन वेळा जमलं तरी माणूस भारी समजतात. जूनमध्ये गुडघा दुखावला आणि महिनाभर बाहेर बसला, नाहीतर काय केलं असतं देव जाणे. स्काऊट लोक प्रत्येक गुणाला २० ते ८० मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, आणि ८० हा आकडा सहसा कुणाच्या नावापुढे लिहायला हात धजत नाही, पण याच्या हिटिंगला काहींनी तो लिहिलाय. मी स्वतः बघितलंय ते एवढंच की बॉल येईपर्यंत हा गडी अगदी निवांत असतो, रसवंतीवर ग्लासाची वाट बघत उभा राहिल्यासारखा, आणि मग एकदम आवाज येतो. तो आवाज वेगळाच असतो रे, दुसऱ्या कुणाच्या बॅटमधून तसा येत नाही.

याचा बाप पण मोठा खेळाडू, येत्या २९ तारखेला कूपर्सटाऊनला त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, लागणार. बाप माँट्रियलला खेळायचा, पोरगा तिथेच जन्मला, आणि यंदा मार्चमध्ये त्याच बापाच्या जुन्या ग्राउंडवर एका सराव मॅचमध्ये पोराने शेवटच्या इनिंगला होमरन मारून (आपली सिक्सरच समज) मॅच १-० ने संपवली, पाठीवर नंबर पण बापाचाच, २७. असलं सिनेमात दाखवलं तर आपण शिव्या घातल्या असत्या.

आणि गंमत म्हणजे याच टीममध्ये अजून दोन असेच. शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे फिल्डिंग करणारा, बो बिशेट, वय २०, बाप दांते बिशेट, सेकंड बेसला कॅव्हन बिजिओ, बाप क्रेग बिजिओ, तोही हॉल ऑफ फेमवाला. एकाच टीममध्ये तीन! आपल्याकडे आत्ता सचिनचा अर्जुन अंडर-१९ मध्ये आला तर लोकांनी किती तोंड सोडलं बघ. इथे पण कुजबुज होते, नाही असं नाही, पण बिशेटला एका फटक्यात दोन बेस काढून सेकंड बेसवर धूळ उडवत घसरताना बघितलं की बाप कोण ते आठवतच नाही. माझ्याकडे तो चौथा.

दोन नंबरला मी फर्नांडो तातिस ज्युनियर ठेवलाय, सॅन दिएगोचा, सध्या टेक्सासात सॅन अँटोनियोला डबल-ए खेळतो. हाही १९ चा, उंच, काटक, शॉर्टस्टॉप. एप्रिल पार वाईट गेला त्याचा, मी तर यादीतून खाली घेणार होतो, पण मग त्याने स्वतःला असं सावरलं की माझीच मला लाज वाटली. शिकागो व्हाईट सॉक्सने हा पोरगा २०१६ मध्ये जेम्स शील्ड्स नावाच्या वय झालेल्या पिचरच्या, म्हणजे बॉलरच्या, बदल्यात देऊन टाकला, त्यांच्याकडून एकही मॅच न खेळता! त्याच व्हाईट सॉक्सने गेल्या वर्षी शिकागोच्याच दुसऱ्या टीमकडून, कब्जकडून, एलॉय हिमेनेझ पटकावला, तो माझा तीन नंबर, २१ वर्षांचा, ताकद अशी की बॉलची कीव यावी. म्हणजे एक हिरा घालवला, एक मिळवला, हिशोब बरोबर.

आता तू विचारशील पिचर कुठेत. पिचर म्हणजे तुझी द्राक्षबाग आहे लेका. घड भरून लटकलेले असतात, बघणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि एक अवकाळी आला की संपलं. परवा वॉशिंग्टनला फ्यूचर्स गेम, म्हणजे अशाच होतकरू पोरांची मॅच, झाला, त्यात हंटर ग्रीन नावाच्या १८ वर्षांच्या पोराने १०३ मैलांनी बॉल टाकला, ताशी जवळपास १६६ किलोमीटर! सगळे वेडे झाले आणि मी मात्र त्याच्या कोपराकडे बघत बसलो. कार्डिनल्स टीमच्या अ‍ॅलेक्स रेयेसचं बघ, कोपराचं ऑपरेशन करून वर्षभराने परत आला, मे महिन्यात एक मॅच टाकली आणि पाठीचा स्नायू फाटून पुन्हा सीझनभर घरी. म्हणून पहिल्या पाचात मी पिचर घेतच नाही. पाचवा मिनेसोटाचा रॉयस लुईस, गेल्या वर्षीच्या ड्राफ्टमधला, म्हणजे टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यातला, पहिला.

पण सुध्या, नंबर लावायची खरी गोम रन-हिट्समध्ये नसते, ती वयात असते. डबल-एमध्ये समोरचे बहुतेक २३-२४-२५ चे असतात, त्यांच्यात १९ चा पोरगा नुसता टिकला तरी मोठी गोष्ट. बिजिओ बघ, यंदा धपाधप होमरन मारतोय, पण वय २३, म्हणून मोठ्या याद्यांत त्याचं नावच नाही. मला हे पटत नाही, बॉल चांगला बघतो तो, उगाच बॅट घालत नाही, माझ्या यादीत तो आहे, कितवा ते विचारू नकोस. याद्या चुकतात रे. ह्वान सोतो नावाचा पोरगा सीझनआधी पहिल्या वीसात नव्हता, गेल्या वर्षी दुखापतींनी जेमतेम ३२ मॅच खेळलेला, तो यंदा तीन पायऱ्या चढून २० मे ला वॉशिंग्टनच्या मेन टीममध्ये, वय १९, आणि आता यादीत बसण्याच्या पलीकडे गेला.

आणि सगळं वयावर म्हटल्यावर वयातच घोळ होणार. याच वॉशिंग्टनने २००६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून १६ वर्षांचा एक पोरगा १४ लाख डॉलरला घेतला, तीन वर्षांनी कळलं की नावही खोटं आणि घेतला तेव्हा साहेब २० चे होते. ऐकल्यासारखं वाटतं की नाही? आपल्या वेळी त्या कुपवाडच्या टीमचा ओपनर आठवतो का, अंडर-१४ ला दाढी करून यायचा.

व्लादीला अजून वर का घेत नाहीत म्हणशील, तर कारण फिल्डिंगचं सांगतात, आणि थर्ड बेसला त्याचे पाय जड पडतात हे खरंच आहे. पण इथे १७२ दिवस मेन टीममध्ये काढले की एक वर्ष धरतात आणि सहा वर्षं भरली की खेळाडू दुसऱ्या कुठल्याही टीमकडे जायला मोकळा. २०१५ मध्ये कब्जने क्रिस ब्रायंटला असा बरोब्बर उशिरा वर आणला की त्याचे १७१ भरले. एक दिवस कमी, म्हणजे अजून एक वर्ष तो कब्जकडेच! खाली मात्र पगार बघशील तर सगळ्यात खालच्या पायरीवर महिन्याला ११०० डॉलर, तोही फक्त सीझनमध्ये, माझं घरभाडं यापेक्षा जास्त आहे. व्लादीला १६ व्या वर्षीच ३९ लाख डॉलर मिळालेत, त्याचं ठीक आहे, पण त्याच्याबरोबर बसने रात्रभर प्रवास करणारे बाकीचे वीसेक जण कुठल्याच यादीत नसतात.

तर तुझ्या सोळांचं असं कर, आधी चाळीसही जणांची जन्मतारीख एका कागदावर लिही, मग स्कोअर बघ. त्या डावखुऱ्या पोराबद्दल बोलत होतास ना, कवठ्याहून एसटीने येतो तो, तो नक्की १३ चाच आहे का? असेल तर बापांना जे बोलायचं ते बोलू देत, त्याला घे. आणि दाखला स्वतःच्या डोळ्यांनी बघ, हाडांची टेस्ट वरचे लोक करतीलच.

वहिनींना नमस्कार, काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. बेदाणे पाठवणार होतास, मागच्या दिवाळीपासून.

तुझा,
मन्या