रात्रपाळीच्या सिस्टरांचे आभार
दिवस उलटून गेले तरी कळा नाहीत, गर्भपिशवीचं तोंड घट्ट मिटलेलं. आधीचं सिझर असल्याने कळा आणायची गोळी नको, फुगा घालू, असं डॉक्टर म्हणाल्या आणि मला रडूच फुटलं. तेव्हा सिस्टर, तुम्ही नवा फोली कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली नळी, आणून माझ्यासमोर सिरिंजने पाणी भरून त्याचा फुगा फुगवून दाखवलात. "हा आतून तोंडावर दाब देतो. तीनेक सेंटिमीटर उघडलं की आपोआप निघतो." भीती निम्मी तिथेच गेली. मांडीला चिकटवलेली नळी कूस बदलताना ओढली जायची. दर वेळी येऊन पट्टी हलक्या हाताने सोडवून परत लावलीत. एवढं कोण करतं? पहाटे फुगा निघाला, मग ड्रिप, दुपारी लेक झाली, नॉर्मल. तुमची पाळी तोवर संपली होती, म्हणून इथे लिहितेय. मनापासून आभार, सिस्टर. लेक छान दूध पिते.