नायक म्हणायचे आणि रांगेत ताटकळत ठेवायचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फिलिपिन्सची बातमी आपल्या वृत्तपत्रांत येते ती चक्रीवादळाची, ज्वालामुखीची, नाहीतर विश्वसुंदरी स्पर्धेची. 21 सप्टेंबर 2025 रोजी मनिलात हजारो माणसे रस्त्यावर उतरली, त्याचीही दखल 'पूरनियंत्रणातील भ्रष्टाचाराविरुद्ध निदर्शने' एवढ्यावरच आटोपली. मी जहाजावर नोकरी केली. आयुष्याची उमेदीची वर्षे फिलिपिनो खलाशांबरोबर एकाच मेसमध्ये जेवलो, एकाच केबिनमध्ये झोपलो. त्या माणसांच्या रोजच्या जगण्याविषयी मराठी वाचकाला काही सांगावे, असे फार दिवस मनात होते.

आधी त्या मोर्चाविषयी. जुलै 2022 पासून पूरनियंत्रणाच्या कामांवर सुमारे 545 अब्ज पेसो खर्च झाले आणि त्यांतली 100 अब्जांची कामे अवघ्या 15 ठेकेदारांना मिळाली, हे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनीच ऑगस्टमध्ये जाहीर केले. संताप खरा भडकला तो मात्र ठेकेदारांच्या आणि पुढाऱ्यांच्या मुलांनी स्वतःच टाकलेल्या व्हिडिओंमुळे. परदेशी पर्सेस, गाड्या, युरोपच्या सहली. हे व्हिडिओ पाहणाऱ्यांत बुलाकान प्रांतातली, दर पावसाळ्यात घरात पाणी शिरणारी माणसे होती. रियाधच्या लेबर कॅम्पमध्ये आणि हाँगकाँगच्या परक्या स्वयंपाकघरांत राबणारी त्यांची नातलगही होती. बंधारा कागदावरच राहिला, तर वाहून गेलेले घर पुन्हा उभे करायला पैसे पाठवायचे ते याच लोकांनी.

हे लोक किती? तिथल्या सरकारी पाहणीनुसार 2023 मध्ये सुमारे 21 लाख कामगार परदेशात होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक बायका. परदेशस्थ फिलिपिनोंनी 2024 मध्ये बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम सुमारे 34 अब्ज डॉलर भरली. माणसे बाहेर पाठवण्याचे हे धोरण 1974 पासूनचे, थोरल्या मार्कोसच्या, म्हणजे या मार्कोस यांच्या वडिलांच्या राजवटीतले. तात्पुरता उपाय म्हणून सुरू झाले ते देशाचा कणा होऊन बसले. आमच्या जहाजावरच्या प्रत्येक फिलिपिनो खलाशाच्या मूळ पगारातला किमान 80 टक्के भाग कराराप्रमाणे थेट घरी जाई. निघण्याआधी परदेशी नोकरीचा दाखला, प्रस्थानपूर्व वर्ग, कल्याण निधीचे 25 डॉलर, वैद्यकीय तपासणी, आणि या सगळ्यासाठी रांगा. मनिलाच्या लुनेता बागेजवळ कलाव अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तिथे फुटपाथवर काम शोधणारे खलाशी कागदपत्रांची पाकिटे घेऊन सकाळपासून उभे असतात आणि एजन्सीची माणसे फलक धरून हिंडत असतात. मुंबईत बोटीची नोकरी शोधत फिरलेल्या आमच्या कोकणातल्या मुलांना हे दृश्य समजावून सांगायला नको.

1988 मध्ये हाँगकाँगमध्ये घरकामगार बायकांपुढे बोलताना राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी त्यांना देशाचे 'नवे नायक' म्हटले. तेव्हापासून प्रत्येक सरकार हा किताब वापरत आले आहे. मनिलाच्या विमानतळावर या नायकांच्या वाट्याला काय येते, ते पाहा.

मे 2012 मध्ये टर्मिनल 3 वर एका गाजलेल्या अभिनेत्रीचे सामान विमानाबरोबर आले नाही, म्हणून तिचा विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांशी वाद झाला. तिथे असलेल्या एका स्तंभलेखकाने त्याचे फोटो काढायला सुरुवात केली आणि प्रकरण हाणामारीवर गेले. पहिला हात कोणी उचलला यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे. देशाने कित्येक दिवस त्याचीच चर्चा केली. काउंटरमागे उभ्या असलेल्या, महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे नाव मात्र कुणाला ठाऊक झाले नाही. तीन वर्षांनी, 2015 च्या अखेरीस, त्याच विमानतळाविषयी तक्रारी येऊ लागल्या की प्रवाशांच्या बॅगेत काडतूस टाकून नंतर पैसे उकळले जातात. त्यात सापडलेल्यांत परदेशी कामावर निघालेली गरीब माणसे होती. विमान चुकले तर करार जातो, करार गेला तर एजन्सीला पैसे भरायला काढलेले कर्ज अंगावर राहते. म्हणून लोक आपल्या बॅगा प्लॅस्टिकच्या थरांत गुंडाळून नेऊ लागले. सामानाचाच प्रश्न दोघांचा. एकीला ओरडून भांडता आले, दुसऱ्याला दातखीळ बसल्यासारखे गप्प राहावे लागले. सोयीसवलती कुणाला किती, यापेक्षा मला हा फरक जास्त लागतो.

कोविडने तर तो उघडाच पाडला. मार्च 2020 मध्ये चाचणीचे किट मोजके असताना लक्षणे नसलेल्या पुढाऱ्यांच्या चाचण्या झाल्या. ओरड झाल्यावर आरोग्य खात्याने खुलासा केला की असे धोरण नाही, पण राष्ट्रीय सुरक्षा आणि आरोग्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांना 'सौजन्य' दाखवले जाते. दोनच महिन्यांनी परदेशातून परतलेले सुमारे 24 हजार कामगार मनिलातल्या विलगीकरणात अडकून पडले होते. चौदा दिवस संपले तरी चाचणीचा कागद हातात नाही, म्हणून गावी जाता येत नाही. शेवटी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना आठवड्याभरात त्यांना घरी पाठवा असा हुकूम काढावा लागला. त्याच मे महिन्यात महानगर मनिलाच्या पोलिसप्रमुखाचा वाढदिवस जमावबंदी असताना साजरा झाला. ते पदावर राहिले आणि नोव्हेंबरात देशाचे पोलिसप्रमुख झाले. 2021 च्या नाताळात अमेरिकेतून आलेली एक तरुणी विलगीकरणाच्या हॉटेलातून निघून महानगर मनिलातल्याच मकाटी शहरातल्या पार्टीला गेली आणि नंतर ती बाधित निघाली. ओळखी असल्या की चालते, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळते. आखातातून आलेली एखादी मोलकरीण मात्र त्याच सणाला हॉटेलच्या खोलीत बसून, चार तासांच्या वाटेवर असलेल्या आपल्या मुलांशी फोनवर बोलत होती.

हे सगळे नटनट्यांपुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. पण तिथे पडदा आणि सत्ता यांच्यात भिंतच उरलेली नाही. चित्रपट अभिनेते जोसेफ एस्ट्राडा 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, तीन वर्षांत पायउतार झाले, 2007 मध्ये लुटीच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि लगेच माफीही मिळवून गेले. 2022 च्या सिनेट निवडणुकीत देशात पहिला क्रमांक मारला तो अभिनेते रॉबिन पाडिला यांनी. मतदारांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. ज्याला सरकारी कचेरीत कुणी विचारत नाही, तो पडद्यावर गरिबाच्या बाजूने लढणाऱ्याला मत देतो, हे मला समजते. आणि मतदार आंधळाही नाही: 2025 मध्ये मॅनी पॅक्वियाओसारखा जगज्जेता मुष्टियोद्धा सिनेटसाठी पडला, टीव्हीवरचे अतिशय लोकप्रिय सूत्रसंचालक विली रेव्हिलामेही पडले. 2010 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांनी शपथविधीच्या भाषणातच बड्यांच्या गाड्यांचे भोंगे बंद करायची घोषणा केली, तेव्हा लोकांना खरा आनंद झाला होता. आपल्याकडे लाल दिवा जायला मे 2017 उजाडावे लागले.

आता नोकरी जाण्याविषयी, कारण खरे दुखणे ते आहे.

हाँगकाँगमध्ये घरकामगार बाईचा करार मोडला की तिला चौदा दिवसांत देश सोडावा लागतो. तेवढ्यात नवी मालकीण शोधायची, सामान कुठे ठेवायचे ते पाहायचे, आणि घरी काय सांगायचे ते ठरवायचे. 2008-09 च्या मंदीत तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतून फिलिपिनो कामगारांची अशीच पाठवणी झाली. 2020 मध्ये क्रूझ जहाजे बंद पडली, तेव्हा मनिलाच्या उपसागरात वीसहून अधिक प्रवासी जहाजे नांगर टाकून उभी होती आणि त्यांवरचे कर्मचारी समोर आपला किनारा दिसत असूनही उतरू शकत नव्हते. गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या किती घरांनी त्याच उन्हाळ्यात हाच अनुभव घेतला, ते आपल्या वाचकांना माहीत आहे.

परतलेल्याला त्या वेळी सरकारकडून एकदाच 10 हजार पेसो मिळाले. धंदा सुरू करायला परदेशी कामगारांची सरकारी कल्याण संस्था जास्तीत जास्त 20 हजारांची मदत करते. एवढ्यात घरापुढे एक 'सारी-सारी' दुकान निघते. शाम्पूच्या पुड्या, सुटी सिगारेट, अर्धा पाव साखर. गल्लीत अशी आधीच चार दुकाने असतात आणि गिऱ्हाईक उधारीवरचे. मग दारात मोटारसायकलवरून सावकार येतो: पाच घ्या, सहा परत करा. हा धंदा करणाऱ्यांत आपले भारतीय, मुख्यतः पंजाबी, पिढ्यान् पिढ्या आहेत. जहाजावरचे सहकारी मला हे सांगत तेव्हा मान खाली जाई. भांडवल संपले की तो माणूस पुन्हा कलाव अव्हेन्यूवर.

फिलिपिन्सने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1995 मध्ये सिंगापुरात एका फिलिपिनो घरकामगार महिलेला फाशी झाली, देश हादरला आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांचा कायदा आला. परदेशी कामगारांसाठी स्वतंत्र खाते करणारा कायदा 2021 च्या अखेरीस झाला. खलाशांच्या हक्कांचा कायदा सप्टेंबर 2024 मध्ये झाला. परदेशात बसून मत देता येते, आणि 2025 मध्ये ते इंटरनेटवरून देता आले. आपल्या अनिवासी मतदाराला अजूनही मतदान केंद्रावर स्वतः यावे लागते.

आणि एक गोष्ट, ज्यासाठी मुख्यतः हे पत्र. 2015-16 मध्ये तेलाचे भाव कोसळले, सौदी सरकारने ठेकेदारांची बिले थकवली आणि बांधकाम कंपन्यांनी कामगारांचे पगार. जेद्दा-रियाधच्या कॅम्पमध्ये हजारो माणसे महिनोन्महिने बिनपगारी बसली. इकाम्याची, म्हणजे तिथल्या निवास परवान्याची, मुदत संपलेली, देश सोडायला लागणारा एक्झिट व्हिसा नाही, जेवण बंद. जुलै-ऑगस्ट 2016 मध्ये सुषमा स्वराज यांनी सुमारे 10 हजार भारतीयांच्या उपासमारीचा विषय उचलला आणि वकिलातीने कॅम्पमध्ये अन्न पोहोचवले, ते आपल्या पहिल्या पानावर होते. त्याच काळात फिलिपिनोंचीही तीच गत झाली होती. त्यांच्या सरकारने तो हिशेब सोडला नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये सौदी युवराजांनी मार्कोस यांना सुमारे 10 हजार फिलिपिनोंचा थकलेला पगार देण्याचा शब्द दिला, आणि 2024 मध्ये धनादेश खरोखर लोकांच्या हाती पडू लागले. आठ वर्षे लागली. दरम्यान काहींची मुले शाळेतून निघाली, काही जण वारले.

माझी विनंती एवढीच आहे. त्या कॅम्पमध्ये आपलीही माणसे होती. आपल्या जिल्हा प्रतिनिधींनी कोकणात, मराठवाड्यात, जिथून जिथून आखातात माणसे जातात तिथे जाऊन विचारावे, की 2016 मध्ये परत आलेल्या कामगारांपैकी कुणाला थकलेला पगार मिळाला, दावा करण्यासाठी त्यांच्याकडून कागद कुणी भरून घेतले होते का, आणि ते कागद आज कोणत्या कचेरीत आहेत. उत्तर जे मिळेल ते छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जहाज कर्मचारी,
रत्नागिरी