सहाव्या आठवड्याचा वारसा

ईगल बीच, अरुबा, कॅरिबियन समुद्र
दि. 12 फेब्रुवारी 2025

चि. सौ. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही शनिवारी दुपारी येथे सुखरूप पोहोचलो. आईचे गुडघे विमानतळावर कुरकुरत होते, परंतु समुद्राकाठच्या खुर्चीत बसल्यापासून त्यांनी तक्रार केलेली नाही. खोली तीच, तिसऱ्या मजल्यावरची. फक्त पडदे बदलले आहेत आणि आईच्या मते ते पूर्वीचेच बरे होते. गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलेस की हा टाइमशेअरचा आठवडा, म्हणजे दरवर्षी आठवडाभर या खोलीत राहण्याचा आम्ही विकत घेतलेला हक्क, आता तुझ्या नावावर करून घ्यावा काय, तेव्हा मी 'पाहू' म्हणून विषय टाळला. आई शेजारी बसली होती हे त्याचे अर्धे कारण. उरलेले अर्धे हे की मला स्वतःलाच उत्तर ठाऊक नव्हते. काल ते ठाऊक झाले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी लांब वाक्ये वाचताना तुला दम लागतो हे मला माहीत आहे, तरी हे पत्र निखिलला वाचायला न लावता तूच वाच.

काल सकाळी आम्हाला 'मालकांसाठी माहिती' या नावाखाली न्याहारीला बोलावले होते. नव्वद मिनिटांत मोकळे करू असे सांगून त्यांनी तीन तास बसवून ठेवले. एक पोरगेलासा विक्रेता, अतिशय गोड बोलणारा, आमचा ठरावीक आठवडा मोडीत घालून त्याऐवजी 'पॉइंट' घ्या, वर 19,000 डॉलर भरा, म्हणजे ते पॉइंट खर्चून जगात कोठेही जाता येईल, असे समजावत राहिला. मी नको म्हणताच त्याने सूर बदलला आणि म्हणाला, 'हे तुमच्यासाठी नाही, तुमच्या मुलीसाठी आहे. हा तुमचा वारसा आहे.' वारसा हा शब्द ऐकल्यावर मला हसू आले. आपल्या गावच्या घराच्या सातबाऱ्यावर आज सत्तावीस नावे आहेत, त्यांतली नऊ माणसे हयात नाहीत आणि ज्या घराला इतके मालक आहेत त्याचे कौल शाकारायला कोणी नाही. वारसा म्हणजे काय हे त्या पोराने मला सांगावे!

टाइमशेअर म्हणजे काय हे तुला कधी नीट सांगितलेच नाही, कारण आम्ही तो घेतला तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस आणि तुला फक्त तरणतलावाशी मतलब होता. खरे तर ही कल्पना आपल्याला परकी नाही. नाशिककडे पाटबंधारे खात्यात असताना मी पाणीपाळीचे तक्ते करीत असे: कालवा सर्वांचा, पण अमक्या दिवशी अमक्या तासाला पाणी तुझ्या वाफ्यात. देवळातील पूजेची पाळीही अशीच घराघरांत वाटलेली असते. येथे पाण्याऐवजी खोली आहे आणि तासाऐवजी आठवडा आहे, एवढाच फरक. वर्षातला सहावा आठवडा, शनिवार ते शनिवार, या खोलीची पाळी आपली. पाणीपाळीत मात्र शेतकऱ्याला पाळी विकत घ्यावी लागत नाही, आणि येथे आम्ही ती 2003 साली 12,600 डॉलरना घेतली. एकाच खोलीचे एकावन्न-बावन्न तुकडे करून विकायचे. सगळे आठवडे एका भावाने जात नाहीत हे धरूनही त्या एका खोलीचे किती झाले असतील याचा हिशेब मी सही केल्यानंतर केला, आधी केला नाही. इंजिनिअर माणसाने असे करू नये. सही केल्यानंतर करार रद्द करण्यासाठी काही दिवसांची मुदत असते, असे कागदातच लिहिले होते. ते दिवस आम्ही समुद्रात पोहण्यात घालवले.

आता जमाखर्च पाहा. देखभालीची वार्षिक रक्कम पहिल्या वर्षी 560 डॉलर होती, यंदा 1,340 आहे. बावीस वर्षांत ती एकूण सुमारे 20,500 झाली, शिवाय एकदा छपराच्या आणि लिफ्टच्या कामासाठी 900 डॉलरची जादा मागणी आली. मूळ किंमत धरून 34,000. या काळात आम्ही वीस वेळा आलो. 2012 साली तुझ्या आजीच्या आजारपणामुळे आणि 2021 साली कोविडमुळे आठवडा वाया गेला, पैसे मात्र भरावेच लागले. म्हणजे 140 रात्री, दर रात्री 243 डॉलर, विमानभाडे वेगळे. समुद्रासमोर, स्वयंपाकघर असलेली एवढी मोठी जागा फेब्रुवारीत या भावात भाड्याने मिळत नाही, तेव्हा आम्ही बुडालो असे मी म्हणणार नाही. परंतु हे गणित जमले ते केवळ आम्ही नेमाने आलो म्हणून. आम्ही न्यूजर्सीत राहतो, येथे यायला पाच तासांचे थेट विमान आहे, तुझ्या आईला दरवर्षी त्याच जागी जाण्याचा कंटाळा येत नाही आणि मी निवृत्त आहे. यांतली एकही गोष्ट तुला लागू नाही. सिएटलहून येथे पोहोचण्यात एक दिवस मोडतो, आणि रेवाच्या शाळेला सुट्टी असते ती नेमकी पुढच्या आठवड्यात, प्रेसिडेंट्स डेच्या. सहावा आठवडा आमचा, सातवा कोणा दुसऱ्याचा. आठवडे बदलून देणाऱ्या संस्था आहेत, त्यांतली आरसीआय तर 1974 पासून हे काम करते. आपला आठवडा तेथे जमा करून दुसरीकडचा मागता येतो. पण शाळांच्या सुट्टीतला समुद्रकाठ सगळ्यांनाच हवा असतो, त्यामुळे जो मिळतो तो बहुधा कोणाला नको असलेला.

मग आम्ही वीस वेळा का आलो, असे तू विचारशील. तुला वाटते की आई समुद्रासाठी येते आणि मी तिच्यासाठी. ते खरे नाही. मी येथे पाण्यासाठी येतो, पण खाऱ्या नव्हे. हे बेट जेमतेम 180 चौरस किलोमीटरचे. वर्षभरात अर्धा मीटरही पाऊस पडत नाही, याहून अधिक पाऊस आपल्या रत्नागिरीला एका जुलैत पडतो. येथे नदी नाही. तरी नळ सोडला की जे पाणी येते ते इतके गोड आहे की मी एडिसन गावातल्या आपल्या घरी कधी असे पाणी प्यायलो नाही, आणि हे न्यूजर्सीच्या पाणीपुरवठ्यात पंचवीस वर्षे काढलेला माणूस सांगतो आहे. बालाशी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचे काम 1932 पासून चालू आहे. पहिल्या वर्षी विक्रेत्याने खोली दाखवताना खिडकीतून समुद्र दाखवला आणि मी बाथरूमचा नळ सोडून उभा राहिलो, हे आई अजून सर्वांना सांगते.

स्पॅनिश लोकांनी या बेटांना निरुपयोगी ठरवले होते. पुढे 1636 साली डच आले. 1824 साली येथे सोने सापडले, ते संपले. मग कोरफडीची लागवड झाली, इतकी की कोरफड बेटाच्या राजचिन्हात जाऊन बसली. मग सान निकोलास येथे तेलशुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना उभा राहिला, ज्यावर 1942 च्या फेब्रुवारीत जर्मन पाणबुडीने हल्ला केला. तो कारखाना मूळ कंपनीने 1985 मध्ये बंद केला आणि लगेच 1 जानेवारी 1986 रोजी अरुबाला डच राज्यांतर्गत स्वतंत्र दर्जा मिळाला. म्हणजे घर वेगळे झाले आणि नोकरी त्याच सुमारास सुटली. तेव्हा विकण्यासारखे काय उरले, तर ऊन, वारा आणि वाळू. तेच आठवड्या-आठवड्याने मापून आमच्यासारख्यांना विकले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते.

वारा तर अखंड. ईशान्येकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांनी येथील दिवी-दिवीची झाडे एका बाजूला इतकी वाकली आहेत की रस्ता चुकला तर झाड पाहून दिशा कळते. मात्र ईगल बीचवरच्या ज्या दोन वाकड्या झाडांपाशी सगळे फोटो काढतात ती दिवी-दिवी नाहीतच, ती फोफोती आहेत, हे मला येथे सात वर्षे आल्यावर कळले. तुझा नैसर्गिक पुलावरचा फोटो अजून दिवाणखान्यात आहे. तो पूल 2 सप्टेंबर 2005 रोजी कोसळला, म्हणून मी तो फोटो उतरवू देत नाही. वादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्यामुळे येथे चक्रीवादळाची भीती फारशी नसते, आणि टाइमशेअर विकणारे हे सर्वांत आधी सांगतात. ही गोष्ट खरी आहे.

आमचा दिवस कसा जातो ते तुला ठाऊक आहे. सकाळी सहाच्या आधी मी जाऊन झावळ्यांच्या छत्रीखाली जागा धरतो, कारण पुळण कायद्याने सर्वांची असली तरी सावली ज्याची त्याची असते. आई पोहे करते. दुपारी कुकर लावते, आणि हॉटेलांच्या गर्दीत आमच्या खोलीतून शिट्टी ऐकू आली की शेजारच्या मॅसॅच्युसेट्सच्या बाई दार ठोठावतात. गेली नऊ वर्षे त्यांना वरणभात लागतो. येथील पापियामेंतो भाषेत किल्लीला 'याबी' म्हणतात. आपली पोर्तुगिजांच्या वाटेने आलेली चावी आणि ही याबी या दोघी एकाच लॅटिन शब्दाच्या वंशातल्या चुलत बहिणी असाव्यात, हे मी स्वागतकक्षातल्या मुलीला तीनदा समजावले आहे आणि तिने तिन्ही वेळा सौजन्याने ऐकले आहे.

हे सारे लिहिले ते तुला मोह पडावा म्हणून नव्हे. हे सुख आमचे आहे आणि ते आम्ही उपभोगले. ते कागदावर तुझ्या नावे चढवता येत नाही. कागदावर चढते ती देखभालीची रक्कम. आमचा करार 2043 पर्यंत आहे, जमीनच सरकारकडून मुदतीच्या पट्ट्यावर घेतलेली असल्यामुळे कायमची मालकी येथे नाहीच. तोपर्यंत रेवा सव्वीस वर्षांची होईल आणि ती रक्कम किती होईल याचा अंदाज बांधण्याचे मी सोडून दिले आहे. विकायला जावे तर असे आठवडे लोक एका डॉलरला देऊ करतात आणि तरी घेणारा मिळत नाही. 'तुमच्या आठवड्याला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी कागदपत्रांचा खर्च पाठवा' असे फोन मला वर्षातून चार-पाच येतात. तसा फोन तुला आला तर बोलत बसू नकोस, ठेवून दे.

म्हणून माझे उत्तर असे की तुझे नाव करारात घालू नये. नाव एकदा सहमालक म्हणून चढले की ते उतरवणे आपल्या हातात राहत नाही. नाव नसेल तर आमच्या पश्चात तुला नकार देण्याचा मार्ग मोकळा राहतो. मी वकिलाला विचारले आहे: अमेरिकेच्या करकायद्यानुसार वारसाने नऊ महिन्यांच्या आत लेखी नकार दिला तर ती मालमत्ता त्याच्याकडे आलीच नाही असे मानता येते, मात्र तोवर त्याने तिचा काहीही लाभ घेतलेला नसावा. याचा अर्थ नीट लक्षात घे. आमच्यानंतर 'बाबांच्या आठवणीसाठी एकदा जाऊन येऊ' म्हणून वारस या नात्याने त्या आठवड्यात येऊन राहू नकोस. त्यांनी पाठवलेले बिलही भरू नकोस. आठवण काढायची असेल तर शेजारच्या हॉटेलात उतर, पुळण तीच आहे.

आई या मताची नाही. तिचे म्हणणे, मुलीला काहीतरी द्यायचे तर जे आपल्याला आवडले तेच द्यावे ना. काल रात्री गच्चीवर आम्ही यावर बराच वेळ बोललो. शेवटी ती म्हणाली की तू तुझे पत्र लिही, मी माझे सांगेन. तेव्हा तिचा फोन येईल. तिचेही ऐकून घे, पण सही करू नकोस.

आम्ही मात्र जमेल तितकी वर्षे येत राहू. सुटका हवी तर काही रिसॉर्ट आठवडा परत घेतात, तशी सोय येथे आहे काय हे मी शुक्रवारी कार्यालयात विचारणार आहे, न्याहारीला न बसता. पुढच्या वर्षीचा सहावा आठवडा 7 ते 14 फेब्रुवारी 2026 असा आहे. रेवाची शाळा चार दिवस बुडाली तर बुडू दे. पाहुणे म्हणून येण्यात कसलेही बंधन नाही, आणि दुसरी झोपण्याची जागा दिवाणखान्यातल्या सोफ्यात आहेच. तिकिटाचे जूनपर्यंत कळव. येताना कुकरची नवी रिंग आण, पाच लिटरच्या कुकरची. येथे मिळत नाही आणि जुनीतून वाफ जाते.

निखिलला आशीर्वाद, रेवाला पापा.

तुझे
बाबा