सुध्या, मनीचा पेपर आणि आपलं जुनं भांडण

खानापूर

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. शिव्या घाल आणि पुढं वाच. फोनवर हे सांगण्यात अर्थ नव्हता, तू मधेच बोलतोस. बीपी ठीक, गुडघा आहे तसाच.

मनी नेटला, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या परीक्षेला, बसली होती. विषय मराठीच. पहिली खेप वाया गेली, त्याचं मला काही नाही. त्यानंतर ती जे करते आहे ते बघून मात्र झोप उडाली आहे, आणि घरात कुणाला सांगावं तर म्हणतात, पोरगी अभ्यास करते की!

रिस्पॉन्स शीट, म्हणजे तिनं दिलेली उत्तरं, आल्यावर पर्यायांचे ते लांबलचक आकडे आन्सर कीशी जुळवत बसली. चुकलेले प्रश्न वहीत उतरवले, समोर लाल शाईनं बरोबर उत्तर. झालं. आता ती वही पाठ चालू आहे. मी विचारलं, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी? 'मोचनगड', 1871, ताडकन. कुणाची? गुंजीकरांची. आणि गुंजीकर कुठले गं? गप्प. अरे, जांबोटीचा माणूस! सहलीला दरवर्षी हिची शाळा जांबोटीवरूनच जायची.

बरं, पेपरात तो प्रश्न चुकला कशानं? हिनं 'यमुनापर्यटन' निवडलं होतं, ती बाबा पदमनजींची, नुसती 'पहिली' कादंबरी. 'पहिली' वाचलं, 'ऐतिहासिक'वरून डोळा घसरला. म्हणजे तिला 'मोचनगड' येत नव्हतं असं नाहीच. मग लाल शाईत तेच पुन्हा लिहून काय मिळणार? उद्या 'अयोग्य पर्याय निवडा' आलं की परत तसंच. बाबा पदमनजींचा जन्मही बेळगावचाच, हे सांगितलं तर म्हणते, "काका, दोघंबी आपल्याकडचेच, म्हणून गोंधळ झाला म्हणून हरकत घेऊ काय?" तुझ्या वळणावर गेली आहे.

खरी काळजी पुढं आहे. इंदिराबाई संतांच्या कवितासंग्रहांचा कालक्रम लावायचा प्रश्न तिचा बरोबर आला. मी खूश. म्हटलं, 'मेंदी' 1955, 'मृगजळ' 1957, एवढ्या जवळची सालं लक्षात कशी राहिली? "राहिली नाहीत. ठोकलं." उणे गुण नाहीत, चारात एक लागतोच, ठोकायलाच पाहिजे, ते मला मान्य. पण हा प्रश्न वहीत आलाच नाही! बरोबर आला ना, मग कशाला? असे किती असतील सांग. उलट जीएंचा क्रम लावताना तिनं 'काजळमाया' 1972 ची एवढ्याच भांडवलावर तीन पर्याय उडवले होते. ते डोकं शाबूत आहे. पण दोन्हींवर हिरवी खूण सारखीच, त्यामुळं आपल्याला काय येतं हे तिचं तिलाच कळत नाही.

आणि उत्तर म्हणे कधी बदलायचं नाही. हे तिला कुणी शिकवलं असेल बरं? "पहिलं मनात आलं तेच खरं", आरपीडी कॉलेजच्या कट्ट्यावर यावरून तू माझ्याशी बोलणं सोडलं होतंस. आता ऐक. इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारावर मुलांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खोडरबराच्या खुणा मोजलेला अभ्यास 2005 साली छापून आला आहे. बदललेल्या उत्तरांत 51 टक्के चुकीवरून बरोबर गेली, 25 टक्के बरोबरवरून चूक. उरलेली चुकीवरून चुकीकडं, म्हणजे तुझी. हातचं बरोबर उत्तर घालवलं की ते जन्मभर सलतं, म्हणून तुझ्यासारख्यांना तेवढंच आठवतं. मनीच्या शीटवर तर शेवटचंच उत्तर दिसतं, आधी काय होतं ते कुणाला कळणार?

एक मात्र तिच्या बाजूनं बोलायला हवं. पहिला पेपर इंग्रजी-हिंदीत, ही मराठी शाळेतली आणि बाहेर कन्नड. ते 50 प्रश्न समजून घेण्यातच वेळ गेला. दोन्ही पेपर मिळून 150 प्रश्न, तीन तास, मधे सुट्टी नाही. आपल्या विषयावर येईतोवर डोळे पळायला लागलेले. तेव्हा 'ऐतिहासिक' सुटला याचा इलाज कदाचित इंग्रजीच्या तयारीत असेल. पण हे मी बोललो की ती म्हणते, "नको काका, मी बी.एड.ला जातो." बी.एड. वाईट नाही रे. पण घाबरून जाऊ नये.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिन्मय यंदा दहावीला ना? घराचा स्लॅब पडला का, पैसे लागले तर सांग, देणार नाही पण ऐकून घेईन.

आता काम. तुझी ती निळी वही. त्यात तू प्रत्येक प्रश्नाचे उरलेले तीन पर्यायही सोडवायचास, हा कुणाचा, कधीचा, कोणत्या प्रश्नाला बरोबर ठरला असता, आणि आपल्याला भुरळ का पडली. मी तेव्हा हसलो होतो. मनीला ती दाखवायची आहे. माझ्याकडं नाही, तूच नेलीस, जेवणाच्या डब्यासकट. कुरिअर नको, स्वतः घेऊन ये. येत्या रविवारी तू येतोस असं तिला सांगून टाकलं आहे. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. फक्त उत्तर बदलण्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

डबाही आण.

तुझा,
बाळ्या